दहाच्या कोऱ्या नोटा

2005 साली डान्स बार बंद करा म्हणून मी सह्या गोळा केल्या होत्या. नव्या पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या तिन्ही विंगा मी एकटीने पालथ्या घातल्या. कागदावर पहिली सही माझी होती. ती करायला नको होती, हे घरात अनेकदा बोलले. चारचौघांत आज पहिल्यांदा सांगते आहे.

राग उगाच आलेला नव्हता. पनवेल-उरणकडे जमिनींचा पैसा आला होता आणि गावागावांतली पोरं रात्री बारकडे वळत होती. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने भातशेती विकली आणि दोन वर्षांत जवळपास सगळं संपवलं. बहीण तिन्ही मुलांना घेऊन आमच्या दारात आली, तेव्हा मुलांची दप्तरं आणि एक कुकर एवढंच तिचं सामान होतं. "त्या बायांनी माझं घर बुडवलं," असं ती म्हणायची, मीही म्हणायचे. विधिमंडळात कायदा एकमताने झाला, 15 ऑगस्टपासून बंदी आली, तेव्हा आम्ही महिला मंडळात पेढे वाटले.

मी तेव्हा बँकेत कॅशियर होते. त्या मुलींपैकी बऱ्याच जणींची खाती आमच्याच शाखेत होती. सकाळी अकराच्या सुमाराला त्या यायच्या, डोळे सुजलेले, केस घाईघाईने बांधलेले, पर्समधून दहाच्या नोटांची बंडलं काढायच्या. बारमध्ये गिऱ्हाइकाला मोठ्या नोटेच्या बदल्यात दहाच्या कोऱ्या गड्ड्या मिळत. त्या उधळल्या जात आणि मालकाचा वाटा कापून उरलेलं मुलीच्या हातात पडे. म्हणून नोटा नव्या असायच्या, पण चुरगळलेल्या, चपलेखाली आलेल्या, एखादी सरबताने चिकट झालेली. मी बोट स्पंजवर टेकवून त्या मोजायचे आणि मोजून झाल्यावर हात धुवून यायचे. त्या काचेपलीकडून बघत असायच्या.

एवढं होऊनही पैसा कुठे जातो ते मला रोज दिसत होतं. धौलपूर, भरतपूर, आग्रा इथले ड्राफ्ट मीच द्यायचे. भावाचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, घरावरचा स्लॅब. कितीतरी जणी नाचगाण्यावरच पिढ्यान् पिढ्या जगलेल्या समाजांतल्या होत्या. माहेरची चूल त्यांच्यावर पेटायची. एकीला लिहिता येत नव्हतं, तिची स्लिप मी भरायचे. मुलीच्या नावाने तिने छोट्या छोट्या चार एफडी केल्या होत्या. मुलगी दुसरीत होती, इंग्रजी शाळेत.

ऑगस्टनंतर बंडलं यायची थांबली. दिवाळीपर्यंत त्या खात्यांतून फक्त पैसे निघत होते. ती बाई चारही एफडी घेऊन आली. मुदतीआधी मोडल्या तर व्याज कमी मिळेल, हे मी नियमाप्रमाणे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, ब्याज छोड़ो, फीस भरनी है." तिने अंगठा उठवला, मी शेजारी साक्षीदार म्हणून सही केली. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या कागदावर केलेली सही तीच. ते मला त्याच क्षणी जाणवलं, आणि मी पुढचा टोकन नंबर पुकारला. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती सांगून गेली की मुलीला गावी पाठवलं. त्यानंतर ती आली नाही.

तरी माझं मत लगेच फिरलं नाही. एप्रिल 2006 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली तेव्हा मी चिडलेच होते. सरकार अपिलात गेलं आणि बार बंदच राहिले. सुमारे 75 हजार बायांचं काम गेलं, हा आकडा कोर्टात मांडला गेला होता. मी तो वाचून पान उलटलं होतं.

मला हलवलं ते त्याच कायद्यातल्या एका सवलतीने. बिअर बारमध्ये आणि परमिट रूममध्ये नाच बंद. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांत चालू. भाचीच्या कंपनीची पार्टी अशाच एका हॉटेलात होती, घरच्यांनाही बोलावणं होतं. तिथे पैसे देऊन आणलेल्या मुली स्टेजवर नाचत होत्या. तीच हिंदी गाणी, तसेच कपडे. मी जेवणाची प्लेट हातात धरून टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे पाहत राहिले. इथे नाच चालतो आणि पनवेलमध्ये संस्कृती बुडते, हे मला स्वतःलाच पटवून देता येईना. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला, आणि त्यात हाच भेदभाव अमान्य केला. त्या वेळी मला चिडायला काही उरलं नव्हतं.

बार ही चांगली जागा होती असं मी म्हणत नाही. तिथे कोवळ्या मुली उभ्या केल्या जात, हप्ते चालत, मालक वाट्यात फसवत. पण अल्पवयीन मुलींसाठी कायदा आधीच होता, हप्तेखोरांसाठीही होता. आम्ही मागायला हवं होतं ते नेमणूकपत्र, ठरलेला पगार आणि रात्री सुखरूप घरी पोचवणारी गाडी. आम्ही त्यांची कमाईच बंद करा म्हणालो. त्यातून काही जणी गावी गेल्या, काही दुबईला, काही ऑर्केस्ट्रा बारमध्ये माइक धरून उभ्या राहिल्या, आणि काहींच्या वाट्याला तेच काम आलं ज्यापासून त्यांना वाचवतो आहोत असं आम्ही सांगत होतो. माझ्या बहिणीचा नवराही घरी परतला नाही. बार बंद झाल्यावर उरलेसुरले पैसे त्याने मटक्यावर लावले. त्याच्या पायांना कुणी तिकडे ओढून नेलं नव्हतं, हे बहिणीने माझ्याआधी कबूल केलं.

सरकारने 2016 मध्ये नवा कायदा आणला. त्यातल्या बऱ्याच जाचक अटी जानेवारी 2019 मध्ये कोर्टाने काढल्या. ऑर्केस्ट्रा बारमध्ये चारच बायका आणि चारच पुरुष कलाकार, ही अटही 2022 मध्ये गेली. छापे मात्र थांबलेले नाहीत. छाप्यानंतरचा फोटो तुम्ही पाहिला असेल: भिंतीशी रांगेत बसवलेल्या मुली, ओढणीने झाकलेले चेहरे, बाजूला पोलिसांचे बूट. अशा एका फोटोत मी अजूनही चांदीची जाड कडी घातलेला एक हात शोधते, स्लिपवर अंगठा उठवणारा. तुमच्या मोबाइलवर तसा फोटो आला, तर कृपा करून तो पुढे पाठवू नका.