हुमणीची शाळा

कडुनिंबाची फांदी आकडीनं ओढून गदागदा हलवायची, की खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर लाह्या फुटाव्यात तसे तडतड भुंगेरे पडतात! हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? वारणाकाठच्या ऊसपट्ट्यात लग्न होऊन आले, शाळेत गणित शिकवते, घरचा ऊस बांधावरून बघते. हुमणी, म्हणजे याच भुंगेऱ्यांची अळी, म्हटलं की भाद्रपदात पिवळी पडत जाणारी आणि जरा ओढली की अलगद हातात येणारी उसाची बेटं, एवढीच माझी ओळख. मुळं खाल्लेली असतात ना, धरायला काही उरलेलंच नसतं.

वळीव दणकून झाला आणि सासूबाई म्हणाल्या, "चल गं, खालच्या मळ्यात शेतीशाळा हाय. साडेसातला."

साडेसातला शाळा! दिवसभराची कामं उरकून माणसं मोकळी होतात म्हणून ही वेळ असेल, असं मी धरलं होतं. पण ती भुंगेऱ्यांच्या सोयीची निघाली. पहिल्या पावसानं माती भिजली, की हे तांबूस-तपकिरी भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून बाहेर येतात, जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात, पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत गडप. दुपारी अकराला व्याख्यान ठेवलं असतं तर दाखवायला एक तरी सापडला असता का?

आणि व्याख्यान नव्हतंच! कृषी सहायक बाई म्हणाल्या, "बसू नका कुणी, कामाला लागा." दोघांनी खड्डा काढला, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी ओतलं, वर थोडं रॉकेल. तीन बांबूंची तिकाटी उभी करून बल्ब टांगला. झाला प्रकाश सापळा! बल्ब पेटायचा अवकाश, भुंगेरे घिरट्या घालत येऊन पाण्यात पडायला लागले. तेवढ्यात आम्ही बाकीचे बॅटऱ्या घेऊन झाडांकडे. मला वाटलं होतं भुर्रकन उडून जातील, पण मीलनात गुंतलेली जोडपी ढिम्म हलत नाहीत, सरळ वेचून बादलीत टाकायची. सासूबाईंचा वेचायचा वेग बघून पोरं गार पडली. "भुईमुगाच्या शेंगा तोडलेला हात हाय ह्यो," म्हणाल्या.

नऊच्या सुमाराला बाईंनी बल्ब बंद करायला लावला. रात्रभर चालू ठेवला तर उपयोगी किडेही येऊन मरतात. हे मला फारच आवडलं. शत्रूला मारतानाही बंद करायची वेळ ठरलेली!

मग माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. एक मादी मातीत साधारण ५० ते ६० अंडी घालते. बादलीत १०० भुंगेरे धरा, त्यांत निम्म्या माद्या, म्हणजे किमान २५०० अंडी त्या तासाभरात टळली. सगळ्या अळ्या जगत नाहीत हे मान्य, तरी आकडा छातीत धडकी भरवणारा आहे. आणि हुमणीची वर्षात एकच पिढी होते, हे तर सगळ्यात मोठं सुख. जूनमध्ये भुंगेरे गाठले तर वर्षाचं काम झालं. चुकलं तर अळी कित्येक महिने मुळांत दडून खात बसते आणि वरून ओतलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतही नाही. बाईंनी बरणीत मेलेली एक अळी दाखवली, अंगावर हिरवट बुरशी चढलेली. मेटारायझियम! शेणखतात मिसळून रानात टाकतात. माझे डोळे विस्फारलेलेच होते.

शेतात भरणाऱ्या अशा शाळा इंडोनेशियात १९८९ साली भातशेतीत सुरू झाल्या. फवारण्यांनी मित्रकीटक मरून तपकिरी तुडतुडे उलट माजले होते. सरकारनं १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती, मग शेतकऱ्यांनाच बांधावर बसवून किडी ओळखायला आणि मोजायला शिकवलं. ते भातातलं शहाणपण आमच्या उसापर्यंत आलं, आणि मला त्याचा पत्ता आत्ता लागतोय!

एका गोष्टीचा मात्र राग येतो. एवढ्या शिवारात त्या रात्री दिवा लागला तो एकाच मळ्यात. भुंगेरे बांध ओळखत नाहीत. शेजाऱ्यानं सोडलेले आपल्या उसात येऊन अंडी घालणार, हे उघड आहे. सगळ्या शिवारात एकाच आठवड्यात सापळे लागले तरच या मेहनतीला अर्थ.

तेव्हा वाचक हो, आपल्या कृषी सहायकांना आजच फोन करून ठेवा. पुढचा वळीव झाला की शेजारच्या चार घरांना, त्यातल्या बायकांनाही, बरोबर घ्या आणि बादली-बॅटरी घेऊन साडेसातच्या आत झाडाखाली हजर राहा.