वाहिनी तोडण्याचा अधिकार

पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. या टापूतल्या अतिउच्चदाब वाहिन्यांचे टॉवर मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. मुंबईची वीज शंभराहून अधिक वर्षं याच बाजूने येते आहे: 1915 मध्ये खोपोलीहून, 1927 मध्ये भिऱ्याहून, पुढे उरणच्या गॅसवरच्या केंद्रातून आणि आता खारघरच्या 400 केव्ही सबस्टेशनमधून. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं खोरं बुडालं, हेही विसरता येत नाही. इतकी किंमत मोजून उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेचा रक्षक आहे डिस्टन्स रिले. त्याची कामगिरी आपल्याकडे ‘लाइन ट्रिप झाली’ एवढ्या तक्रारीच्या शब्दांत संपते. माझ्या मते ट्रिप होणं ही तक्रारीची गोष्टच नाही. वाहिनी तोडण्याचा अधिकार आपण एका यंत्राला दिला आहे आणि त्या अधिकाराची हद्द आखणं माणसाच्या हातात आहे. प्रश्न विचारायचा तर त्या हद्दीबद्दल विचारायला हवा.

हा रिले सबस्टेशनमध्ये बसून व्होल्टेजला करंटने भागत असतो, एवढंच. 220 केव्हीच्या वाहिनीवर दर फेजला सुमारे 127 केव्ही असतात. चारशे अँपिअर वाहत असतील तर भागाकार येतो 317 ओहमच्या आसपास. आता पुढे कुठेतरी वीज कोसळली, किंवा खाऱ्या वाऱ्याने मीठ साचलेल्या इन्सुलेटरवरून ठिणगी पडली. व्होल्टेज चाळीस केव्हीपर्यंत घसरलं, करंट पाच हजारांवर गेला, तर तोच भागाकार आठ ओहमवर येतो. वाहिनीचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर किलोमीटरला सुमारे 0.4 ओहम धरला, तर फॉल्ट, म्हणजे बिघाड, वीस किलोमीटरवर आहे. नुसता करंट पाहून हे साधत नाही, कारण फॉल्टचा करंट त्या वेळी किती जनित्रं चालू आहेत यावर बदलतो, अंतर मात्र बदलत नाही. या एका भागाकारात मला विसाव्या शतकातल्या अभियांत्रिकीची सगळ्यात देखणी कल्पना दिसते. याच अंतरावरून रिलेची हद्द तीन झोनमध्ये आखतात. पहिला झोन वाहिनीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतचा. तिथे रिले क्षणभरही थांबत नाही. उरलेले 20 टक्के मुद्दाम सोडलेले असतात, कारण करंट आणि व्होल्टेज मोजणाऱ्या सीटी-पीटीच्या मोजमापात थोडी चूक असतेच आणि शेजारच्या वाहिनीवरच्या फॉल्टसाठी आपली वाहिनी तोडणं अक्षम्य. दुसरा झोन पूर्ण वाहिनी आणि पुढचा थोडा भाग पाहतो, पण तीन ते पाच दशांश सेकंद थांबून. तिसरा पुढच्या अख्ख्या वाहिनीपर्यंत पोहोचतो आणि साधारण सेकंदभर वाट पाहतो, की वाहिनी प्रत्यक्ष तोडणारा तिथला ब्रेकर उघडला नाही तर आपण तोडावं.

या तिसऱ्या झोनच्या सावधगिरीनेच मोठे अनर्थ ओढवले आहेत. 30 जुलै 2012 च्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी तिसऱ्या झोनवर ट्रिप झाली. फॉल्ट कुठेच नव्हता. लोड फार होता, व्होल्टेज खाली आलं होतं, त्यामुळे भागाकार लहान झाला आणि रिलेला लांबवरचा फॉल्ट भासला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच घडलं आणि सुमारे 60 कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. पश्चिम ग्रिड दोन्ही दिवस टिकलं म्हणून महाराष्ट्र वाचला. त्याआधी 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात तारा झाडांना टेकून वाहिन्या गेल्या, लोड उरलेल्या वाहिन्यांवर चढला, आणि पुढची एक महत्त्वाची वाहिनी तिसऱ्या झोनने तोडली. पाच कोटी लोकांची वीज गेली. दोन्हीकडे रिले बिघडलेला नव्हता. त्याला दिलेली आज्ञा त्याने अचूक पाळली होती.

मग तिसरा झोन काढूनच टाका, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप वजनदार आहे, कारण ब्रेकर अडकला तर सांभाळणारी वेगळी योजना आता त्याच सबस्टेशनमध्ये असते. पण तिथली बॅटरीच बसली तर? तिथले सगळे रिले एकदम आंधळे होतात, ब्रेकर उघडायलाही ताकद उरत नाही. तेव्हा लांबच्या सबस्टेशनमधला रिलेच काय तो जागा असतो. दुसरा आक्षेप असा, की दोन्ही टोकांचा करंट ऑप्टिकल फायबरवरून ताडून पाहणारी पद्धत अधिक अचूक आहे. आहेच, ती लावावीच. पण तिला दोन टोकांमधलं संभाषण लागतं, आणि ते तुटलं तर आपल्या जागेवरून निर्णय घेणारा कुणीतरी हवाच.

माझ्या हयातीत या यंत्राची तीन रूपं झाली. चकती-चुंबकांचा रिले गेला, मग ट्रान्झिस्टरचा आला, आता आकडेमोड करणारा न्यूमेरिकल रिले आहे. तो फेज-करंटची नोंद ठेवतो, फॉल्ट किती किलोमीटरवर होता हे सांगतो, लोडमुळे खाली आलेल्या भागाकाराला फॉल्ट समजू नये म्हणून त्याच्या हद्दीत खाचही करता येते. पण त्यातलं सेटिंग माणसानेच भरलेलं असतं आणि ते जुनं होतं. पनवेल, खारघर, उलवे इथे गेल्या वीस वर्षांत केवढी वस्ती वाढली! लोड वाढला, नवी सबस्टेशनं आली, वाहिन्या मध्ये तोडून नव्या जागी जोडल्या गेल्या. अशा प्रत्येक बदलाबरोबर जुना हिशेब चुकतो. आणि झाडाला टेकलेल्या तारेचा फॉल्ट इतका उच्च रोधाचा असू शकतो, की डिस्टन्स रिलेला तो दिसतही नाही. कर्नाळ्याचं अभयारण्य 1968 पासून राखलेलं आहे आणि ते तसंच राखलं पाहिजे. म्हणून अशा हिरव्या मुलखात वाहिनीखालच्या पट्ट्यातल्या फांद्या पावसाळ्याआधी, वनखात्याशी बोलून, नेमक्या छाटणं हेही संरक्षणाचंच काम आहे.

12 ऑक्टोबर 2020 ला 400 केव्हीच्या मोजक्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबईच्या लोकल थांबल्या. तेव्हा चर्चा झाली ती कुणाचा दोष, याची. 2012 च्या चौकशी समितीने संरक्षणयोजनांची त्रयस्थांकडून कालबद्ध तपासणी करायला सांगितलं होतं. पुढच्या वेळी लाइट गेली तर ‘कुणी घालवली’ असं विचारण्याआधी, आपल्या भागातल्या रिलेंची सेटिंग्ज शेवटची कधी तपासली, हे महापारेषणला, म्हणजे राज्याच्या वीज पारेषण कंपनीला, लेखी विचारा.