आमच्या सासूबाई

सासू या शब्दास मराठी भाषेनें फारसा न्याय दिलेला नाहीं. जात्यावरच्या ओव्यांत ती आहे, म्हणींत ती आहे, आमच्या वऱ्हाडांतल्या भुलाबाईच्या गाण्यांत तर तिच्यावांचून पान हलत नाहीं. पण जेथें जेथें ती आहे तेथें तेथें कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेवर कडू शब्द हीं ठरलेलींच. आईवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सासूविषयीं प्रेमानें चार ओळी लिहावयास बसलेली सून मात्र वाचकांस थोडी संशयास्पदच वाटावयाची. तो संशय पत्करून मी हें लिहीत आहें.

माझ्या सासूबाई २०१९ सालच्या जानेवारींत खामगांवीं वारल्या. वय ८४ वर्षांचें होतें. त्या ख्रिस्ती होत्या, आणि मी शेगांवजवळच्या एका खेड्यांतल्या माळकरी शेतकऱ्याची मुलगी. आम्ही दोघी ३२ वर्षें एका चुलीपाशीं वावरलों. इतक्या काळांत त्यांनीं मला आपल्या धर्मांत ओढलें नाहीं, आणि मींही त्यांना माझ्या. यांत विशेष तें काय, असें कोणी विचारील. विशेष इतकेंच कीं, या न ओढण्यांत उदासीनता नव्हती. धर्म ज्यांना गौण वाटतो त्यांना सहिष्णु होणें सोपें असतें. त्यांच्या उदारपणाची किंमत त्यांना पडत नाहीं. सासूबाईंना त्यांचा धर्म प्राणाहून प्रिय होता. मग हा संयम त्यांनीं आणला कोठून, हा प्रश्न मला त्यांच्या हयातींत अनेकदां पडला, आणि त्या गेल्यावर तर तो अधिकच जवळचा झाला आहे.

त्यांच्या घराण्याची कथा दुष्काळापासून सुरू होते. १८९९-१९०० सालचा हा दुष्काळ. गुजराथ-राजपुतान्यांत त्याला विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणतात. वऱ्हाडची जमीन काळी, कापसाची. खामगांवच्या कापसासाठीं १८७० सालींच जलंबहून आगगाडीचा फांटा आणला गेला होता. पण कापसानें पैसा येतो, कापूस खातां येत नाहीं. आणि पाऊस नाहीं त्या वर्षीं पैसाही येत नाहीं. त्या काळीं अमेरिकेहून आलेल्या अलायन्स मिशननें वऱ्हाडांत ठाणीं घातलीं होतीं व खामगांवास मुलींचें अनाथालय चालविलें होतें. तिकडे केडगांवास पंडिता रमाबाई मध्यप्रांतांतून आणि गुजराथेंतून आणलेल्या शेंकडों दुष्काळी मुलींना पोटाशीं धरीत होत्या. सासूबाईंची आजी ही अशीच पांच-सहा वर्षांची पोर. तिला कोणी तरी खामगांवच्या अनाथालयाच्या दारीं आणून सोडलें. आईबापांचीं नांवें तिला सांगतां येत नव्हतीं. गांव कोणतें म्हणून विचारलें, तर ती 'नदीपाशीं' एवढेंच सांगे. वऱ्हाडांत नदीपाशीं नसलेलें गांव शोधणेंच कठीण. तेव्हां तिचें मूळ तेथेंच संपलें आणि नवें कूळ सुरू झालें.

या उगमावरून त्या घराण्यास जन्मभर एक टोमणा ऐकावा लागला: पोटासाठीं बाटलेले! आमचें लग्न ठरलें तेव्हां माझ्याच नात्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं हे शब्द सासूबाईंच्या तोंडावर उच्चारले. बैठक स्तब्ध झाली. सासूबाईंनीं हातांतला पाण्याचा तांब्या खालीं ठेवला आणि शांतपणें म्हणाल्या, "खरं हाय, बापू. पोटासाठीच. माही आजी उपाशी होती. तिले ज्यानं भाकर देल्ली त्याचं नाव तिनं घेतलं. तुम्ही देल्ली असती, तर तुमच्या देवाचं घेतलं असतं."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता, म्हणूनच त्या उत्तरास कोणाला उत्तर देतां आलें नाहीं. माझे वडील त्या बैठकींत होते. घरीं परततांना ते बराच वेळ बोलले नाहींत. मग एवढेंच म्हणाले कीं, तुकोबांची पहिली पत्नीसुद्धां दुष्काळांतच गेली. हें त्यांचें वाक्य मला तेव्हां तुटक वाटलें. पुढें त्यांतला अर्थ उलगडत गेला. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानें देहूच्या एका वाण्याचा संसार उद्ध्वस्त केला व त्याला विठ्ठलाच्या पायांशीं नेलें. १९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडच्या एका निराधार पोरीला ख्रिस्ताच्या पायांशीं नेलें. भुकेच्या वाटेनें आलेली भक्ति हलकी म्हणावयाची, तर त्या आक्षेपाचा पहिला धक्का कोठें बसेल, याचा विचार टोमणे मारणारांनीं करावा. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें सांगत असत. सासूबाईंना हें ठाऊक होतें. 'उपासनासंगीता'ंतलीं टिळकांचीं पदें त्या पहाटे चूल पेटवितांना गुणगुणत, आणि त्यांची चाल ऐकून माझ्या वडिलांना प्रथम वाटलें कीं, आंत कोणी अभंगच म्हणत आहे.

आमचें लग्न १९८७ सालीं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें झालें. त्या कायद्यानें कोणालाच धर्म सोडावा लागत नाहीं. कायद्याचें समाधान झालें. माणसांचें इतक्या लवकर होत नाहीं. माझ्या माहेरच्यांनीं वर्षभर पाणी घेतलें नाहीं, आणि त्यांच्या मंडळींतले कांहीं वडील दर रविवारीं सासूबाईंना विचारूं लागले कीं, सुनेचा बाप्तिस्मा कधीं? एकदां हा प्रश्न माझ्यासमक्षच निघाला. सासूबाईंनीं त्यास जें उत्तर दिलें तें त्यांच्या धंद्यांतून आलेलें होतें, म्हणून आधीं त्या धंद्याविषयीं सांगितलें पाहिजे.

त्या सुईणीचें शिक्षण घेतलेल्या परिचारिका होत्या. १९५५ सालीं त्या सरकारी दवाखान्यांत लागल्या तेव्हां बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशांत होता. १९५६ च्या नोव्हेंबरांत तो मुंबई राज्यांत आला. १९६० च्या मे महिन्यांत महाराष्ट्र झाला, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषद आली. "चार धनी पाह्यले, पण बाळंतिणीचं वरडणं तेच," असें त्या हंसून म्हणत. मोताळा, मेहकर, चिखली या भागांतल्या खेड्यांतून बैलगाडीनें, कधीं पायीं, त्या रात्रीबेरात्रीं गेल्या. सासरे मी घरांत येण्यापूर्वींच वारले होते. माझ्या यजमानांस त्यांनीं त्या पगारावर एकट्यानें वाढविलें. १९७२ च्या दुष्काळांत रस्त्यांच्या व पाझर तलावांच्या कामांवर हजारों बाया खडी फोडीत होत्या. तेथें सुकडी वांटली जाई, आणि रेशनवर परदेशची लाल मायलो मिळे. कामावरच दिवस भरलेल्या बाया सासूबाईंनीं झाडाखालीं लुगड्याचा आडोसा करून सोडविल्या. आपल्या वाट्याची सुकडी त्या पदरांत बांधून नेत व बाळंतिणीला खाऊं घालीत. दुष्काळाचें पोर म्हणून ज्या घराची ओळख, त्या घराचें हें ऋण त्या फेडीत होत्या. मात्र कोणत्याही बाळंतिणीच्या उशाशीं त्यांनीं धर्माची गोष्ट काढली नाहीं. ती बाई वेदनेंत आहे, आपल्या हातांत आहे, तेव्हां तिच्याशीं देवाबद्दल बोलणें म्हणजे तिच्या असहायपणाचा फायदा घेणें, असें त्या मानीत.

तर बाप्तिस्म्याविषयीं विचारणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांस त्या म्हणाल्या, "बाळंतपणात ओढायचं नसते. वेळ आली का लेकरू आपसूक येते. ओढलं का आईलेही जखम होते, लेकराईलेही." त्या दिवसापासून तो विषय आमच्या घरांत निघाला नाहीं.

माझ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा याच वाक्यांत आहे. त्यांचा देवावर विश्वास होता, म्हणूनच त्यांना घाई नव्हती. दुसऱ्याच्या आत्म्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन धांवणारास कोठें तरी अशी भीति असते कीं, देव एकटा हें काम पार पाडूं शकणार नाहीं. सासूबाईंना ती भीति नव्हती. त्या रोज पहाटे गुडघे टेकून नांवें घेऊन प्रार्थना करीत. त्यांत माझें नांव असे, माझ्या वडिलांचें असे, आणि टोमणा मारणाऱ्या त्या गृहस्थांचेंही असे. प्रार्थना त्यांची, निकाल देवाचा.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनीं त्यांनीं माझ्या हातांत लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ठेवलीं. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंनीं तो घेतला १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें त्यांनीं काय सोसलें आणि सोंवळ्याओंवळ्याच्या एकेका गांठीशीं त्या कशा झुंजल्या, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. हें पुस्तक मला देण्यांत कांहीं सूचना असावी असें प्रथम वाटलें. वाचून झाल्यावर सासूबाईंनीं विचारलें, "काय आवडलं?" मीं सांगितलें कीं, त्यांचें हंसणें. त्या म्हणाल्या, "मलेही तेच." सूचना असलीच तर ती एवढीच होती.

त्यांच्याशीं माझें सगळेंच जुळलें असें मात्र नाहीं. त्या हिशेबाला कडक. चार आण्यांची तफावत निघाली तर रात्रीं दिवा लावून बसत. आणि प्रसाद त्या खात नसत. माझे वडील रागलोभ विसरून येऊं लागल्यावर पहिल्या खेपेस शेगांवचा प्रसाद घेऊन आले. सासूबाईंनीं तो दोन्ही हातांनीं घेतला, कपाळाला न लावतां माझ्या ओंजळींत ठेवला, आणि वडिलांना स्वच्छ सांगितलें कीं, मूर्तीपुढचें आम्ही खात नाहीं. वडिलांचा चेहरा उतरला. मला तें फार लागलें. आजही, तें थोडें मृदु शब्दांत सांगतां आलें असतें, असें मला वाटतें. पण पुढें वडीलच म्हणूं लागले कीं, तिनें तोंडदेखला खाऊन मागें टाकला असता तर आपणांस कधीं कळलें नसतें. या बाईचें 'हो' खरें आहे, कारण तिचें 'नाहीं' खरें आहे. त्यानंतर ते येतांना प्रसाद माझ्यासाठीं वेगळा आणीत, आणि विहिणीसाठीं मळ्यांतलीं भरताचीं वांगीं. नाताळांत इकडून करंज्या-अनारशांचा डबा तिकडे जाई, आणि तो रिकामा परत येत नसे.

स्वतःच्या कपाळीं त्यांनीं कधीं कुंकू लावलें नाहीं; माझा करंडा मात्र कधीं रिकामा होऊं दिला नाहीं. बाजारांतून मीठ-मिरची आणावी तितक्या सहजपणें त्या कुंकवाची पुडी आणीत. दुकानदार नवलानें पाही, तर म्हणत, "सुनेचं हाय."

श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परततांना शेवटचा मुक्काम खामगांवीं करते, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे हजारों माणसें तिच्यासंगें शेगांवपर्यंत पायीं जातात. त्या पहाटे आमच्या दारांत पाण्याचे रांजण भरलेले असत. ते सासूबाई स्वतः भरीत. पालखीपुढें त्यांनीं हात जोडले नाहींत. पण तहानलेल्याला पाणी देतांना त्यांनीं त्याच्या गळ्यांतल्या माळेकडे पाहिलें नाहीं. माझे वडील एकदां त्या गर्दींतून आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "विहीणबाई, हेंही वारीच आहे." त्या म्हणाल्या, "पानी हाय, बापू. प्या."

त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीं माझें माहेर सगळें आलें होतें. ख्रिस्ती स्मशानभूमींत काय करावें, कोठें उभें राहावें, हें त्या माणसांना कळेना. पाळकांनीं शास्त्रपाठ वाचला, गीत झालें, पेटी खालीं उतरविली. मग प्रत्येकानें मूठभर माती घातली. मूठमाती देणें हा शब्द आम्ही सारेच वापरतों. त्या दिवशीं तो प्रथमच हातांनीं कळला. ८१ वर्षांचे माझे वडील काठी टेकीत पुढें झाले, वांकून माती घेतली, ओठांतल्या ओठांत 'राम कृष्ण हरी' म्हणाले आणि ती अलगद सोडली. त्यांना कोणी अडविलें नाहीं. पाळकांनीं डोळे मिटून घेतले होते. तें सौजन्य होतें कीं प्रार्थना, हें मीं विचारलें नाहीं.

पुढचे दिवस मला अवघड गेले. आमच्याकडे दहावा असतो, तेरावा असतो, कावळा असतो. शोकाला दिवस नेमून दिलेले असतात आणि हातांना काम असतें. त्यांच्या पद्धतींत मेलेल्यासाठीं करावयाचें कांहीं उरतच नाहीं. तो देवाच्या हातीं सुखरूप आहे, अशी तेथें श्रद्धा. ही श्रद्धा माझी नव्हती, आणि माझे विधि त्यांचे नव्हते. दोन्हींच्या मधल्या जागेंत मी रिकाम्या हातांनीं उभी होतें. स्मरणसभेच्या पत्रिकेवर नांवाआधीं काय छापावें, हाही प्रश्न आला. आप्तांच्या तोंडीं कैलासवासी आलें, वडील वैकुंठवासी म्हणाले; मंडळींत ख्रिस्तवासी लिहितात. मीं ख्रिस्तवासीच छापविलें, कारण त्यांना जेथें जावयाचें होतें त्या ठिकाणाचें नांव बदलण्याचा अधिकार मला नव्हता.

त्या वर्षीं श्रावणांत पालखी आली. आदल्या रात्रीं मीं रांजण घासले, भरले, आणि पहाटे दारांत बसलें. किती जण पाणी प्याले, तें मोजलें नाहीं.