अक्कांचे दीडशे फोटो

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. कारण सांगितलं तर हसाल. गेले तीन आठवडे मी सहा सेकंदांच्या मागे लागले होते.

झालं असं. अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गेल्या त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. पुतणीचा फोन आला, "काकू, वर्षश्राद्धाला आईचा एखादा बरा फोटो लावायचाय. तुझ्याकडे आहे का गं?" म्हटलं, बघते. दिवाणातले सगळे अल्बम काढले. माझे फोटो पुष्कळ. स्नेहसंमेलनातले, सहलीतले, निरोप समारंभात नारळ घेतानाचा. अक्का कुठेच नाहीत. आधी नवल वाटलं, मग लक्षात आलं. लग्नकार्यात फोटोवाला "घरच्या बायका या" म्हणून हाक मारायचा, तेव्हा अक्का कोठीच्या खोलीत असायच्या. किल्ल्या त्यांच्या कमरेला. फोटोसाठी कोठी उघडी टाकून येणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

मग धाकट्या दिरांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवली. मे १९८७. काही वर्षांपूर्वी तिची डीव्हीडी करून घेतली होती आणि चिरंजीवांनी ती एक फाइल करून माझ्या लॅपटॉपवर ठेवली होती. तीन रात्री बसून सगळी पाहिली. एक तास बावन्न मिनिटांनी अक्का डावीकडून मांडवात येतात आणि उजवीकडे निघून जातात. सहा सेकंद. बस्स.

तिथे चित्र थांबवलं आणि मोबाइलने पडद्याचा फोटो काढला. तो पाहून मलाच कसंतरी झालं. चेहऱ्यावर आडव्या रेघा, जणू कुणी फणी फिरवली आहे. चिरंजीवांना फोन केला. तो म्हणाला, "आई, असं नको. एफएफएमपेग वापर. मी टाकून दिलंय तुझ्याकडे." हा फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केलेला कार्यक्रम. फुकट मिळतो. पण त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची आणि काय हवं ते लिहायचं.

मी जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा लिहायची भीती नव्हती. हे तर शुद्ध आज्ञार्थी वाक्य निघालं. आधी कार्यक्रमाचं नाव. मग वजा चिन्ह लावून 'एसएस' आणि कुठून सुरू करायचं ती वेळ. मग वजा 'टी' आणि किती सेकंद हवेत तो आकडा. मग वजा 'आय' आणि फाइलचं नाव. शेवटी चित्रं कोणत्या नावाने ठेवायची ते. नावात टक्क्याचं चिन्ह, शून्य, चार आणि 'डी' असं लिहिलं की चित्रांना आपोआप चार आकडी क्रमांक पडतात. मी पहिल्यांदा वेळ फाइलच्या नावानंतर लिहिली, तर पंखा घरघरायला लागला आणि बराच वेळ काहीच होईना. कारण असं की, वेळ आधी सांगितली तर तो थेट तिथे उडी मारतो; नंतर सांगितली तर पहिल्या सेकंदापासून सगळं उलगडत, टाकून देत तिथवर येतो. मराठीत शब्द मागेपुढे झाले तर जोर बदलतो, इथे माझे दोन तास बावन्न मिनिटांपासून पुढे... पाहा, मीच चुकले, एक तास बावन्न! रात्री उशिरा लिहीत बसलं की असं होतं.

आपल्याकडच्या व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं. सहा सेकंदांची दीडशे. पाच मिनिटांत अक्कांचे दीडशे फोटो माझ्यासमोर. ज्या बाईचा एक फोटो मिळत नव्हता तिचे!

पण रेघा होत्याच. त्याचंही कारण समजून घेतलं. त्या काळचा कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. माणूस स्थिर असेल तर जुळतात, चालत असेल तर फाटतात. त्यावर 'यादिफ' नावाची गाळणी आहे (मला आधी ती 'यादी' वाटली). ती आज्ञेत घातल्यावर रेघा गेल्या. मग अक्का मला जरा बारीक वाटायला लागल्या. त्या तशा नव्हत्या. शोधल्यावर कळलं, डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ असं दाबून ठेवलेलं असतं, दाखवताना ते रुंद करायचं असतं. ७६८ बाय ५७६ केलं आणि अक्का पुन्हा अक्कांसारख्या झाल्या.

मग एकेक चित्र पाहायला बसले. बहुतेक सगळी पुसट. चालणारं माणूस पुसटच येणार. कुठे डोळे मिटलेले, कुठे तोंड अर्धवट उघडं. शहाऐंशीव्या चित्रापासून मात्र चेहरा स्वच्छ. व्हिडिओ चालू असताना लक्षात आलं नव्हतं, पण तिथे त्या अर्धा सेकंद थांबल्या आहेत. का थांबल्या? कडेवरचं मूल घसरत होतं, ते वर घ्यायला.

मूल माझं.

एका हातात जिलेबीची परात, दुसऱ्या बाजूला माझा अडीच वर्षांचा मुलगा, त्याचा हात त्यांच्या गळ्यात. आणि मागे, जरा अंधुक, खुर्चीवर पैठणीतली मी. शेजारी आमच्या शाळेच्या दोन बाई. मी कशाला तरी मनापासून हसते आहे. दीडशेच्या दीडशे चित्रं मी पुन्हा पाहिली. एकाही चित्रात मी मुलाकडे पाहत नाहीये.

हे एका लग्नापुरतं नव्हतं. शाळेला निघताना मी त्याला अक्कांच्या ओट्यापाशी सोडायचे आणि संध्याकाळी उचलायचे. सहा वर्षं. त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणून मीही कधी काही बोलले नाही. घरचं माणूस, त्यात काय बोलायचं, असं तेव्हा वाटायचं. आता त्याला उशीर झाला आहे.

चिरंजीवांना ते चित्र पाठवलं. त्याने विचारलं, "कडेवर कोण?" म्हटलं, तू. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तू कुठे आहेस?" म्हटलं, मागे, खुर्चीत. तो पुढे काही बोलला नाही. मग म्हणाला, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने फोटो स्वच्छ करून मिळतात, करून देऊ का? दिला करून. अगदी लख्ख. पण ते डोळे अक्कांचे नव्हते. कॅसेटमध्ये जे नव्हतंच ते यंत्राने आपल्या मनाने भरलं होतं. म्हटलं, पुसट असू दे, पण त्यांचं असू दे.

पुतणीला फक्त चेहरा हवा होता. कापायचीही आज्ञा असते, रुंदी, उंची आणि कुठून कापायचं ते सांगायचं. जिलेबीची परात गेली, खुर्ची गेली, मी गेले. मुलगाही गेला. पण गळ्याभोवतीचा तो लहान हात काही केल्या जाईना. तो काढायचा तर अक्कांची हनुवटी कापावी लागते. पुतणीला तसं कळवलं. ती म्हणाली, "राहू दे काकू. आईचा हातावेगळा फोटो कुठून मिळायचा?"

तर आता तोच फोटो लागणार आहे. श्राद्धाला आलेलं कुणीतरी विचारेलच, हा हात कुणाचा? पुतणीला सांगून ठेवलंय, त्याचं उत्तर मी देईन.

असो. फार लांबलं. पण तुमच्याकडे जुन्या कॅसेटी असतील तर वेळेवर उतरवून घ्या. आणि नुसत्या पाहू नका, कधीतरी थांबवून पाहा.