वाईच्या घाटावर अडकलेली किल्ली

पुण्याहून पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेक प्रवाशांच्या लेखी वाई म्हणजे चहासाठी थांबण्याचे गाव. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला उजवीकडे वळले, की थोड्याच वेळात वाई येते. ढोल्या गणपतीला हात जोडायचे आणि पसरणीचा घाट चढू लागायचे, एवढीच तिची ओळख. पण दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलीला घरी आणायला निघालेल्या पुण्याच्या एका कुटुंबाला या गावाने चार तास अडकवून ठेवले. निमित्त झाले गाडीच्या किल्लीचे.

गाडीत पती-पत्नी आणि आजी अशी तिघे होती. मुलगी पाचगणीच्या एका निवासी शाळेत. संध्याकाळी सहाच्या आत मुलांना घेऊन जावे, असे शाळेने कळवले होते. दुपारी बाराला गाडी वाईत पोचली तेव्हा सगळे निवांत होते. दर्शन घ्यावे, जेवावे आणि वर जावे, असा बेत होता.

गणपती आळीजवळ गाडी लावली. इंजिन बंद झाले, पण किल्ली बाहेर येईना. ती अर्ध्यावर फिरून थांबायची. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून पाहिले, जोर लावून पाहिला. किल्ली जागची हलेना.

''अहो, मोडेल ती! मागच्या महिन्यातही असंच झालं होतं ना?'' पत्नीने आठवण करून दिली.

झाले होते खरे, तेही दोनदा. पुण्याच्या गॅरेजने गिअरचा पूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगितले होते. आकडा ऐकून दुरुस्ती पुढे ढकलली गेली. आता किल्ली आत असताना गाडी सोडून जाणेही शक्य नव्हते. कोणीही दार उघडून ती घेऊन जाऊ शकला असता.

माशाच्या पाठीचे देऊळ

शेवटी पती गाडीपाशी थांबले आणि सासू-सून दर्शनाला गेल्या. कृष्णेच्या काठावरचे हे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. गणपतीची मूर्ती एवढी भव्य की लोकांनी तिला 'ढोल्या' हे प्रेमाचे नाव दिले. मंदिराची खरी गंमत मात्र मागच्या बाजूला आहे. नदीकडून येणारी भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. पूर आला की पाणी तिच्यावर आदळून दोन बाजूंना फाकते आणि देवळाला धक्का बसत नाही. एरवी ती भिंत उगाच वेडीवाकडी वाटते. तिचा उपयोग पुराच्या दिवशी कळतो.

दोघी परतल्या तेव्हा जवळच्या दुकानदाराने वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावून घेतले होते. पन्नाशीचे मिस्त्री शांतपणे गाडीत बसले. त्यांनी किल्लीला हातही लावला नाही. आधी गिअरचा दांडा 'पी'वर असताना पुढे दाबून धरला, थोडा हलवला आणि मग किल्ली फिरवली. ती अलगद बाहेर आली!

''साहेब, कुलूप ठीक आहे. दुखणं इथं आहे,'' दांड्याकडे बोट दाखवत ते म्हणाले.

दुखणे कुठे आणि कळ कुठे

ऑटोमॅटिक गाडीत दांडा 'पी' म्हणजे पार्कवर असल्याशिवाय किल्ली निघत नाही. काही गाड्यांत ही अडवणूक केबल करते, तर काहींत विजेवर चालणारा खटका. या गाडीत दांड्याच्या बुडाशी एक छोटा स्विच होता. दांडा 'पी'वर आला, की तो दोन बारीक वायरींमधून कुलपाला तशी खबर देतो. दांडा रोज मागेपुढे होतो, त्याबरोबर वायरही वाकते. काही वर्षांनी वरचे आवरण शाबूत राहते, पण आतली तांब्याची तार तुटते. मग कधी टोके एकमेकांना टेकतात, कधी टेकत नाहीत. म्हणूनच हे दुखणे येऊनजाऊन असते आणि गॅरेजमध्ये नेले की नेमके दिसत नाही.

गाडी मिस्त्रींच्या शेडमध्ये नेण्यात आली. दांड्याभोवतीचे प्लॅस्टिक उघडून वायर नीट जोडायला दोन-अडीच तास लागतील, असे ते म्हणाले. घड्याळात दीड वाजला होता.

''त्यापेक्षा ती वायर कायमची जोडून टाका ना,'' पतींनी सुचवले, ''दांडा कुठेही असला तरी किल्ली निघेल. कटकटच नको.''

''पंधरा मिनिटांचं काम आहे, साहेब,'' मिस्त्री म्हणाले, ''पण मग दांडा 'एन'वर राहिला तरी किल्ली हातात येईल. तुम्ही उतरून जाल आणि गाडी उतारावरून सुटेल. पुढं पसरणीचा घाट आहे. मी ते करणार नाही.''

पती गप्प झाले. शाळेच्या फाटकाशी उभी असलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तेव्हा आजी म्हणाल्या, ''अरे, उशीर झाला तर पोर रुसेल, एवढंच ना? रुसू दे. तिला घेऊन तोच घाट उतरायचा आहे आपल्याला.''

शाळेत फोन करून कळवण्यात आले आणि काम सुरू झाले. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडली. स्टिअरिंगजवळच्या पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मिस्त्रींनी स्पर्शही केला नाही. वायर हलवत मीटर लावला तेव्हा काटा एका जागी थरथरू लागला. तुटलेला भाग कापून तिथे थोडा लांब तुकडा डाखला, म्हणजे पुन्हा ताण पडू नये. वर रबरी नळी चढवली आणि दांड्याच्या वाटेतून दूर बांधून टाकली.

मेणवलीची घंटा

तोवर सासू-सून रिक्षाने मेणवलीला जाऊन आल्या. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा देखणा घाट आहे. 'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटात तो अनेकांनी पाहिला असेल. घाटावरच्या देवळापाशी पोर्तुगीजांची मोठी घंटा टांगलेली आहे. वसई जिंकल्यानंतर मराठ्यांनी ती आणली, असे सांगतात. इतक्या वेळा महाबळेश्वरला जाऊनही आजींनी ती पहिल्यांदाच पाहिली.

चारला काम संपले. गिअरच्या पूर्ण संचाच्या मानाने बिल फारच थोडे झाले. निघताना मिस्त्रींनी एक सवय लावून घ्यायला सांगितली : चढउतारावर थांबताना ब्रेक दाबून ठेवावा, आधी हँडब्रेक ओढावा आणि मगच दांडा 'पी'वर न्यावा. म्हणजे गाडीचा सगळा भार गिअरच्या आतल्या लहानशा खिट्टीवर येत नाही. किल्ली अडली तर जोर लावू नये. आधी दांडा खरोखर 'पी'वर आहे का ते पाहावे, स्टिअरिंग किंचित हलवावे, बॅटरी उतरली नाही ना तेही तपासावे.

पसरणीच्या वळणांवरून खाली वाईची कौलारू घरे आणि कृष्णेची रेघ मागे पडत गेली. पाच वाजता गाडी शाळेच्या उतारावर उभी राहिली. ब्रेक, हँडब्रेक, मग 'पी'. किल्ली अलगद हातात आली.

मुलगी बॅग घेऊन धावतच आली. ''एवढा उशीर? कुठे होतात?''

''वाईला,'' आजी म्हणाल्या, ''उद्या परतताना तुलाही दाखवू.''