पिट्सबर्गचा पुढचा ओसी

पिट्सबर्गमध्ये फुटबॉल संघाचा मुख्य कोच सहसा बदलत नाही. 1969 मध्ये चक नोल आले, 1992 मध्ये बिल काउअर, 2007 मध्ये माइक टॉमलिन. मी लिहिते आहे ते 2024 च्या जानेवारीबद्दल, आणि तोवरच्या पंचावन्न हंगामांत एवढी तीनच माणसं. संघ 1933 पासून रूनी कुटुंबाचा आहे आणि या कुटुंबाला माणसं काढून टाकायची सवय नाही. त्यामुळे स्टीलर्स हरले की गावाच्या रागाला वर जायला वाटच नसते. मालक जागचा हलत नाही, कोच हलत नाही, खेळाडूंचे करार वर्षानुवर्षांचे. मग उरतो तो एक माणूस, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. इथे सगळे त्याला ओसी म्हणतात.

हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून आणि चेंडू हातात घेऊन खेळायचा. प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो आणि पुढच्या चालीसाठी घड्याळात 40 सेकंद मिळतात. कितवा डाउन म्हणजे कितवा प्रयत्न, किती यार्ड हवेत, समोरच्यांनी कोणते खेळाडू आत पाठवले, हे सगळं ओसी तेवढ्यात बघतो. त्याच्या हातात प्लास्टिक चढवलेला मोठा कागद असतो. त्यावर दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत चाली लिहिलेल्या, रंगांनी वेगळ्या केलेल्या. तिसरा डाउन आणि अंतर थोडं असेल तर एक रकाना, गोलरेषा जवळ आली असेल तर दुसरा. त्यातली एक चाल तो निवडतो आणि रेडिओवरून सांगतो. ती चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला हेल्मेटमधल्या स्पीकरवर ऐकू येते. घड्याळात 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. पुढचं सगळं मैदानावरच्या अकरा जणांनी करायचं.

मग चाल फसली तर चुकलं कोण, सांगणारा की करणारा? टीव्हीवर ते कळत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. कोणता रिसीव्हर मोकळा होता, कोण चुकीच्या दिशेला वळला, हे चौकटीच्या बाहेर घडतं. सगळे बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून घेतलेलं चित्रण नंतर पैसे भरून बघता येतं, आणि आमच्या मराठी मंडळींतला एक तरुण दर मंगळवारी रात्री ते बघत बसतो. एकच चाल पुन्हा पुन्हा, मागे-पुढे करून. त्याच्या शेजारी बसून मी तशा काही चाली बघितल्या आणि माझं सामना बघणंच बदललं. चेंडूवरची नजर काढून पुढे भिंत करणाऱ्या पाचही लाइनमनच्या पायांकडे बघायला मी तिथे शिकले.

मॅट कॅनडा 2021 मध्ये ओसी झाले. क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर 2022 च्या जानेवारीत निवृत्त झाला आणि त्याच वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत संघाने पहिल्या फेरीत केनी पिकेटला घेतलं. तो पिट, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाचा. विद्यापीठाचा संघ आणि स्टीलर्स सराव एकाच आवारात करतात, म्हणजे पोरगा घरातलाच. पण चेंडू काही पुढे सरकेना. कॅनडांची एक ठरलेली खूण होती. चाल सुरू व्हायच्या आत एक रिसीव्हर रेषेमागून आडवा धावत सुटायचा, मग बाजूला छोटासा पास, दोन यार्ड, आणि सगळे परत उभे. मैदानाचा मधला पट्टा रिकामाच राहायचा. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत संघाने एकाही सामन्यात 400 यार्ड काढले नाहीत. 2023 च्या शरद ऋतूत स्टेडियममध्ये त्यांना काढा म्हणून घोषणा होऊ लागल्या. 21 नोव्हेंबरला त्यांना खरंच काढलं. हंगाम चालू असताना या संघाने कोचला घालवण्याची 1941 नंतरची ती पहिली वेळ, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं.

त्यानंतरचाच रविवार, सिनसिनाटीचा सामना. 421 यार्ड! पॅट फ्रायरमुथ नावाचा टाइट एंड, ज्याच्याकडे अख्ख्या हंगामात फारसं कोणी बघितलं नव्हतं, त्याने मधल्या पट्ट्यात 9 झेल घेतले, 120 यार्डांचे. लोक रस्त्यात एकमेकांना थांबवून सांगत होते. पण गुण किती झाले? 16. सामना जिंकला 16-10 असा. ज्यांना कॅनडा नको होते त्यांनी 421 धरून ठेवले, आणि ज्यांचं म्हणणं खेळाडूच कमी पडतात असं होतं त्यांनी 16. मला त्या आठवड्यात दोघांचंही ऐकावंसं वाटत होतं, कारण दोघेही सामना नीट बघून बोलत होते.

2024 ची संक्रांत सोमवारी, 15 जानेवारीला आली. मार्टिन ल्यूथर किंग जयंतीची सुट्टीही त्याच दिवशी. बफेलोचा प्लेऑफ सामना खरं तर रविवारी व्हायचा, पण हिमवादळामुळे तोही सोमवारी दुपारवर गेला. आमचं हळदीकुंकू आणि सामना असे एकाच घरात आले. बायका काळ्या साड्यांवर संघाचे पिवळे स्कार्फ घालून आल्या होत्या, जणू संक्रांतीचा काळा रंग स्टीलर्ससाठीच ठरवला असावा. बफेलोने 21-0 अशी सुरुवात केली आणि शेवटी 31-17 ने जिंकले. तिळगूळ वाटेपर्यंत हंगाम संपला होता. वाण हातात घेऊन बायका निघायच्या ऐवजी पुन्हा सोफ्यावर बसल्या आणि विषय निघाला, आता ओसी कोण?

त्या आणि पुढच्या दोन आठवड्यांत चार नावं तोंडी होती. थॉमस ब्राउन हे कॅरोलायनाचे ओसी, पण तो संघ 17 पैकी 2 सामने जिंकलेला. जेरॉड जॉन्सन हे ह्यूस्टनचे क्वार्टरबॅक कोच, ज्यांच्या हाताखाली सी. जे. स्ट्राउड पहिल्याच वर्षी झळकला. झॅक रॉबिन्सन लॉस एंजेलिस रॅम्सचे. आणि आर्थर स्मिथ, ज्यांना अटलांटाने मुख्य कोच पदावरून नुकतंच काढलं होतं. तीन हंगाम, तिन्ही वेळा 7 विजय आणि 10 पराभव.

स्मिथ हे नाव निघालं की घरात दोन तट पडायचे. "नको गं बाई तो," माझी मैत्रीण म्हणाली. "काइल पिट्स चौथ्या क्रमांकावर घेतला, ड्रेक लंडन आठव्या, बिजान रॉबिन्सन आठव्या. इतकी गुणी पोरं हाताशी, आणि चेंडू त्यांच्याकडे जातच नाही." तिच्या दिराने लगेच अडवलं. "वहिनी, टेनेसीत स्मिथच ओसी होते ना? 2020 मध्ये डेरिक हेन्री 2,027 यार्ड धावला. मुख्य कोच म्हणून जमलं नाही म्हणून चाली सांगता येत नाहीत असं थोडंच आहे?" मला दिराचा मुद्दा पटला होता. मुख्य कोचला पन्नास व्यवधानं असतात. ओसीला एकच.

या चर्चेत घराणं फार महत्त्वाचं. झॅक रॉबिन्सन रॅम्सच्या शॉन मॅकव्हेंच्या हाताखालचे, मॅकव्हे शानाहान पिता-पुत्रांच्या तालमीतले, आणि त्यांच्याही मागे गेलं की सॅन फ्रान्सिस्कोचे बिल वॉल्श, ज्यांनी सामन्याच्या पहिल्या चाली आधीच क्रमवार लिहून ठेवायची रीत रुजवली. गाण्याच्या घराण्यांबद्दल आपल्याकडे जसं बोलतात तसंच लोक याबद्दल बोलतात. शिष्याने गुरूची चीज तर घेतली, पण त्याची स्वतःची जागा कुठे दिसते? रॉबिन्सनबद्दल हाच प्रश्न होता, कारण रॅम्सच्या चाली मॅकव्हे स्वतः सांगतात. जो माणूस त्या खुर्चीत बसलेलाच नाही, त्याला ती द्यायची का? माझं मत द्यावी असं होतं. अनुभवाच्या आग्रहापायी नवा माणूस कधीच उभा राहत नाही. पण रॉबिन्सन गेले अटलांटाला, म्हणजे स्मिथना ज्या गावाने घालवलं तिथेच. आणि पिट्सबर्गने घेतलं स्मिथना.

त्याआधीच्या शनिवारी मी स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये मासे आणायला गेले होते. माहेर अलिबागचं, त्यामुळे मासे स्वतः बघून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. बर्फाच्या ढिगांवर मांडलेल्या माशांपुढे रांग लांब होती आणि रांगेत सगळे ओसीबद्दलच बोलत होते. माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात काम केलेले. तो कारखाना 1986 मध्ये बंद पडला, आज तिथे दुकानं आणि सिनेमागृह आहे, आणि जुन्या धुराड्यांची एक ओळ तेवढी उभी ठेवली आहे. कारखाने गेले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायनाला गेले, आणि म्हणून आज स्टीलर्स कुठल्याही शहरात खेळायला गेले तरी प्रेक्षकांत संघाचे पिवळे टॉवेल दिसतात. आजोबा गेले नाहीत.

ते म्हणाले, चक नोल यांच्या वेळी चाली टेरी ब्रॅडशॉ मैदानावर स्वतः ठरवायचा. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, तसेच जिंकले. बाहेरून कानात सांगायला लागल्यापासून क्वार्टरबॅकचं डोकं बंद पडलं.

हा मुद्दा मी घरी आणला आणि बरेच दिवस घोळवला. इतिहास त्यांच्या बाजूने आहे. बाहेरून चाली सांगायचा ध्यास क्लीव्हलंडच्या पॉल ब्राउन यांचा. ते खेळाडू आळीपाळीने आत पाठवून निरोप द्यायचे. 1956 मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओही बसवून बघितला आणि लीगने लगेच बंदी घातली. ती उठली 1994 मध्ये. म्हणजे आज आपण ज्या खुर्चीवरून इतकं भांडतो तिला एवढं वजन आलं ते गेल्या काही दशकांतच. पण आजोबांचं सगळं मला मान्य नाही. ब्रॅडशॉच्या काळात समोरचा बचाव एका चालीत इतके वेश बदलत नव्हता. आज 40 सेकंदांत ते सगळं एकट्याने वाचायचं हे बाविशीच्या पोराला झेपणारं नाही. त्याला सांगणारा हवाच, फक्त तो असा हवा की दोन पर्याय हातात देऊन शेवटची निवड पोरावर सोडेल.

आणि गावाचा न्याय दर वेळी बरोबर ठरतो असंही नाही. ब्रूस एरियन्स 2007 ते 2011 इथे ओसी होते. त्यांच्या काळात संघाने एक सुपर बोल जिंकला, आणखी एकापर्यंत पोचला. तरी लोक नाराज. पास फार, धावणं कमी, रॉथलिसबर्गरला मार फार बसतो. 2012 च्या जानेवारीत ते निवृत्त होत असल्याचं संघाने जाहीर केलं. प्रत्यक्षात ते इंडियानापोलिसला गेले, तिथले मुख्य कोच आजारी पडले तेव्हा संघ सांभाळला आणि त्याच वर्षी लीगचे सर्वोत्तम कोच ठरले. 2014 मध्ये ॲरिझोनात पुन्हा. 2021 च्या फेब्रुवारीत टॅम्पा बेचे कोच म्हणून त्यांनी सुपर बोल उचलला. पिट्सबर्गमध्ये एरियन्सचं नाव निघालं की आजही माणसं क्षणभर बोलायची थांबतात.

तरीही लोकांनी ही चर्चा सोडावी असं मला मुळीच वाटत नाही. हरल्यावर खेळाडूला शिव्या देणं सोपं असतं, कारण चेंडू त्याच्याच हातून सुटलेला सगळ्यांनी बघितलेला असतो. ओसीबद्दल बोलायचं तर माणसाला थांबून विचार करावा लागतो की हे काम मुळात कसं होतं, कोणी आखलं, कोणी निभावलं, मध्ये कुठे तुटलं. हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी नर्स, बसचा ड्रायव्हर, निवृत्त कामगार, सॉफ्टवेअरमधला नागपूरचा मुलगा, ही सगळी माणसं जानेवारीच्या थंडीत उभी राहून एका न दिसणाऱ्या कामाचा हिशेब इतक्या बारकाईने मांडतात. निवड त्यांच्या हातात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी तयारी अशी की उद्या रूनींनी बोलावून विचारलं तर उत्तर द्यायला हवं. या गावात परकी म्हणून आलेल्या मला इथलं करून घेतलं ते या बोलण्याने. ओसीबद्दल माझं मत काय, हे विचारताना माझ्या उच्चाराकडे कोणी लक्ष दिलं नाही.

स्मिथ यांचा पहिला हंगाम आधी सुरेख गेला. क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स असताना धावण्याच्या चाली, मग रसेल विल्सन आला तेव्हा लांब पास. पहिल्या 13 सामन्यांत 10 विजय. त्यानंतर प्लेऑफ धरून सलग पाच पराभव, आणि त्या पाचांत एकदाही 17 च्या वर गुण नाहीत. 2025 च्या जानेवारीत माशांच्या रांगेत तोच विषय नव्याने निघाला. मला वाटलं आजोबा स्मिथना सोलून काढणार. पण ते बोटांवर मोजत हिशेब सांगू लागले. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि कॅन्सस सिटी, हे तीन संघ 11 दिवसांत, शेवटचा तर नाताळच्या दिवशी. उजवा गार्ड जेम्स डॅनियल्स सुरुवातीलाच जायबंदी. पहिल्या फेरीत घेतलेला टॅकल ट्रॉय फॉटानू एक सामना खेळून बाहेर. पुढे भिंतच नाही तर चाल कोणती सांगायची?

मी म्हटलं, मान्य आहे, पण मधला पट्टा पुन्हा रिकामा का राहिला? भिंत कच्ची असेल तर चेंडू लवकर सोडायचा, आणि लवकर सोडायचा तर फ्रायरमुथ तिथेच असतो. ते थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, स्मिथ काही या वर्षी जात नाहीत, तेव्हा आपण लाइनच्या कोचबद्दल बोलू. रांग पुढे सरकेपर्यंत आम्ही त्याच्याबद्दल बोललो.