दोन फेरीबोटींपलीकडचे आयोना

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओबान बंदरातून सहलीची बस प्रवाशांसह फेरीबोटीत चढते आणि सुमारे पाऊण तासाने मल बेटावर उतरते. तेथून अरुंद, एकपदरी रस्त्याने साधारण ६० किलोमीटर गेल्यावर ती फिनफोर्टच्या धक्क्यावर थांबते. समोरच्या आयोना बेटावर परवान्याविना वाहन नेता येत नाही. दहा मिनिटांची छोटी फेरी, आणि पुढे पायीच जायचे.

इ.स. ५६३ मध्ये संत कोलंबा यांनी येथे मठ स्थापिला. ८०६ मध्ये व्हायकिंग हल्लेखोरांनी ६८ जणांची हत्या केली. मध्ययुगीन मठाचे भग्न निवास १९३८ पासून पुन्हा बांधले गेले.

मार्गदर्शक परतीची वेळ दोनदा बजावतो. येथली बोट चुकली, तर ओबानची बोटही चुकण्याची भीती. एकाचा उशीर साऱ्या बसला भोवतो. गुडघे कुरकुरणाऱ्या ज्येष्ठांना म्हणूनच निवड करावी लागते. उत्तरेकडील शुभ्र वाळूचा किनारा सोडून जे मठाच्या अंगणात निवांत बसतात, त्यांना समुद्राचा वारा आणि ते दगड यांचा सहवास लाभतो. परतीच्या बोटीत काही राहून गेल्याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही.